जावेच्या खोकल्याचं घराणं

करोनाच्या तिसऱ्या लाटेतली संक्रांत. माझ्या घरी हळदीकुंकू होतं. धाकटी जाऊ शेजारच्या मावला गावात राहते, ती आदल्याच दिवशी नागपूरहून आली होती आणि माझ्या बैठकीत दोनदा खोकली. चार दिवसांनी मलाही ताप, तिलाही ताप. झालं! अंथरुणात पडल्या पडल्या मी फोन फिरवले, "आमच्या जावेनं आणला हो!" तोंडाला चव नव्हती, पण बोलायला होती. आम्ही दोघी बऱ्या झालो. तिला मात्र रथसप्तमीपर्यंत एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. पुढंही बायका तिच्या घरचा चहा घेईनात. तिनं माझा उंबरा सोडला.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, नात आली. ती हैदराबादला प्रयोगशाळेत असते. आमच्या दोघींचे नमुने, आमची परवानगी घेऊन, तिच्याकडेच गेले होते.

"आजी, विषाणू स्वतःच्या नकला काढतो. नक्कल करताना चुकतो, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. चुका जुळल्या तर घराणं एक. तुझ्या आणि काकूआजीच्या जुळतच नाहीत."

"मग मला कोणी दिला?"

"ते नाही सांगता येत. तिचा नव्हता, एवढं नक्की."

दुपारीच मावला गाठलं. जाऊ दारातच उभी.

"काऊन आल्या बाई? कोणाले सांगायचं राह्यलं का अजून?"

मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं पायात चपला घातल्या. "मले सांगून काय उपेग? ज्यायले फोन केले त्यायच्या घरी चला."

पहिल्या घरी मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "हिनं मुंबईहून आणला ना हो? गोळी खाऊन ताप दाबला म्हणे." दुसऱ्या घरी दुबई निघाली, आणि गोळी. तिसऱ्या घरी नागपूरच्या लग्नातले पन्नास आजारी, आणि वर गोळी. प्रत्येक घरी मी हात जोडून सांगितलं, खोटं होतं हो ते.

रस्त्यात जाऊ थांबली. "मुंबई एकीची, दुबई दुसरीची, लग्न तिसरीचं. पण गोळी तिन्ही घरी हाय. मंजे गोळी मुळातूनच आली."

हेच मला समजवायला नातीला लॅपटॉप लागला होता. हिनं भर उन्हात उभ्या उभ्या शोधून काढलं!

"तुमीच घातली ना बाई?"

"घातली," मी म्हणाले. "नुसत्या खोकल्याचं कोणी ऐकतच नव्हतं."

ती हसली. मग पदर खोचला.

"अजून किती घरं?"

"सात."

"चला मंग. आन् गोळीचंबी तुमच्याच तोंडानं सांगा."