पास्कूचा निळा पाय

पास्कू परेराचे पाय घोट्यापर्यंत निळे होते. परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात एकवीस वर्षं अनवाणी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? गिरणीने बूट दिले होते, पण ओल्या फरशीवर ते घसरत, आणि रंगाच्या हौदात पडण्यापेक्षा निळे पाय परवडले, असं त्याचं म्हणणं. चाळीतली पोरंटोरं त्याला ‘निळूकाका’ म्हणत तरी तो हसे. माणूस असा की त्याच्या तोंडावरची माशीही उडू नये. कुठे भांडण पेटलं की हा हळूच गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. "देव तुला कणा द्यायला इसरला," असं त्याची बायको कार्मेलीन म्हणे, आणि त्यावरही तो हसे.

खोली दहा बाय बाराची, पण त्या खोलीला राजा होता. लग्नाच्या वर्षी देवळातून फादर आले होते, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर त्यांनी उंच फळीवर बसवली होती आणि आजपासून या घराचा राजा हा, असं नवराबायकोकडून म्हणवून घेतलं होतं. समोरच्या खोलीतल्या काशीबाईने तेव्हा विचारलं होतं, "भाडा तुमी भरतास आणि राजा तो?" पास्कू म्हणाला होता, "राजाकडून कोण भाडं घेतो, वैनी?" त्यावर ती मालवणी बाई पदर तोंडाला लावून हसली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत माशाच्या कालवणाची वाटी जात-येत राहिली. ऑक्टोबरात ख्रिस्तराजाची मिरवणूक निघे तेव्हा छत्राची एक दांडी पास्कूच्या हातात असे. राजा म्हणजे छत्र, मेणबत्त्या, पुढे बॅंड, आणि आपण दांडी धरणारे. पास्कूला एवढं पुरत होतं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवणार अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाला, माणसं पडली. त्यातल्याच एका दुपारी कार्मेलीन माहेरी शिवडीला अडकली होती आणि पास्कू एकटाच घरात कडी लावून बसला होता. जिन्यावर पळणारी पावलं वाजली. त्यामागे पोलिसांच्या शिट्ट्या. मग त्याच्याच दारावर थापा.

"पास्कूकाका, उघडा. मी लवू."

लवू म्हणजे काशीबाईचा मुलगा, वीस वर्षांचा, मागावर नुकताच लागलेला. आई बाजारात, घराला कुलूप, म्हणून तो समोरच्या दाराशी आला होता. पास्कू उठला. त्याने कडीवर हातही ठेवला. पण तो हात काही वर जाईना. वरून राजा बघत होता आणि खाली त्याचा हा शिपाई घामाने निथळत उभा होता. थापा थांबल्या. लवू गॅलरीच्या टोकाकडे धावला आणि पहिल्या मजल्यावरून मागच्या गल्लीत त्याने उडी टाकली. पोलिसांच्या हाती तो लागला नाही, पण उजव्या घोट्याचा चुरा झाला. दोन महिने प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाकडा जुळलेला होता. दिवसभर मागावर उभं राहायचं काम. लंगड्या माणसाला ते कोण देणार?

पास्कूने हे कुणालाच सांगितलं नाही. मी तेव्हा पाळीवर होतो, असं त्यांना वाटत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. त्याची मान खाली गेली ती वर येईना. ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सरत आले तरी तो कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करायला, गेला नाही. तोंडातून शब्द निघाला की ते खरं होईल, असं त्याला वाटे. जसं काही तोवर ते खोटं होतं.

अशात झावळ्यांच्या रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितलं की रोमहून नवा नेम आला आहे. येत्या पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, भर देवळात, येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे फादरांनी बारा माणसांचे पाय धुवायचे. "जगातल्या राजाचे पाय लोक धुतात," वसईचे ते फादर म्हणाले, "आपला राजा कमरेला पंचा बांधून लोकांचे पाय धुतो. ज्याला त्याची प्रजा म्हणवून घ्यायचं आहे त्याने हे नीट बघून ठेवावं." मग त्यांनी बारा नावं वाचली. बारावं नाव पास्कूचं होतं.

कार्मेलीनला आभाळ ठेंगणं झालं. पास्कूला मात्र पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटलं. "माझ्या जागी दुसऱ्याला घ्या," असं सांगायला तो तीनदा फादरांच्या घरापर्यंत गेला आणि तीनदा परत आला. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

आता धुवायला न्यायचे पाय आधीच लखलखीत धुऊन न्यायचे, ही आपल्या लोकांची रीत. त्या आठवड्यात बाराच्या बारा घरांतून वजऱ्या आणि साबण वाजत होते. फादरांना धुवायला काही उरू नये याची सगळ्यांनी चोख व्यवस्था केली होती. पास्कूचं निळं काही साबणाला दाद देईना. तेव्हा कार्मेलीनने गुरुवारी दुपारी काशीबाईला हाक मारली. चिंच आणि राख लावून काशीबाई काळंठिक्कर पितळ सोन्यासारखं काढी, हे साऱ्या चाळीला माहीत होतं.

काशीबाई चिंचेचा कोळ, राख आणि काथ्या घेऊन आली. कार्मेलीन नळावर गेली होती. "बसा पास्कूभाव," म्हणत तिने त्याला मोरीच्या काठावर बसवलं, खाली बसली आणि त्याचा उजवा पाय मांडीवर घेऊन घासायला लागली. तिच्या डोक्याचा मधला पांढरा झालेला भांग पास्कूला दिसत होता. दोन-चार वेळा काथ्या फिरला आणि पास्कूने पाय झटक्यात ओढून घेतला.

"वैनी, नको. हात नका लावू."

"दुखला?"

"त्या दिवशी मी घरात होतो," पास्कू म्हणाला. "लवूनं हाक मारली. मी ऐकली. कडीवर हात होता माझा. नाय उघडलं."

काशीबाईने काथ्या खाली ठेवला.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "दाराक भायल्यान कुलूप नव्हता. लवून हॉस्पिटलातच सांगल्यान."

"मग तुम्ही काय बोलला नाय ते?"

"राग इलो नाय असा नाय. लय इलो. म्हयनाभर तुमच्या दारावरून जाताना मी तोंड फिरवून जाय. तुमची मान खाली, तुमका दिसतला खयसून?" तिने डोळे पुसले, चिंचेचा हात डोळ्याला लागला आणि आणखी पाणी आलं. "तुमी सांगशात म्हणून वाट बघत होतंय. हाडा तो पाय हयसर." तिने पायासाठी हात पुढे केला.

"नको, वैनी."

"अर्धो घासलेलो पाय घेवन देवाकडे जातास?" असं म्हणून तिने पाय पुन्हा मांडीवर ओढला. पास्कू रडला. बायकोच्या माघारी, परक्या बाईसमोर, मोरीत बसून एकवीस वर्षं गिरणीत काढलेला कामगार हुंदके देऊन रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. रंग मात्र जेमतेम नखाएवढा उतरला.

"माझ्याकडे रडान काय उपेग," काशीबाई उठत म्हणाली. "हाक त्येनं मारलेली."

पास्कू तसाच ओल्या पायांनी गॅलरी ओलांडून गेला. लवू खिडकीशी पाय लांब करून बसला होता, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. वैद्याने रोज घोटा चोळायला सांगितलं होतं. पास्कू दाराशीच उभा राहून सगळं बोलला. यावेळी मधे थांबला नाही.

लवू खिडकीबाहेरच बघत होता. "काका, मी माफ-बिफ काय केलेलं नाय तुम्हाला," तो म्हणाला. "उगाच गोड बोलणार नाय मी."

"नको बोलूस." पास्कूने बाटली उचलली. "मी हे केलं तर चालेल?"

लवूने पाय होता तिथेच राहू दिला. पास्कू खाली बसला. घोट्यावरचं हाड सुपारीसारखं वर आलं होतं. आयुष्यभर ओलं सूत हाताळलेल्या बोटांनी तो हळूहळू तेल जिरवत राहिला. छत्राच्या दांडीशी उभं राहून जो राजा त्याला इतकी वर्षं उंचावर दिसला होता, तो असा जमिनीवर बसून काम करणारा आहे, हे त्याला तेव्हा कळलं. देवळाची घंटा झाली.

"तुमची घंटा," लवू म्हणाला.

"हे होऊ दे आधी."

पास्कू देवळात पोचला तेव्हा अकरा जण बाकावर बसले होते. त्यांचे पाय गोरेगोमटे, घासून लाल झालेले. त्यांच्या शेवटी याचा निळा पाय, टाचेला अजून राखेचा राप. फादर कमरेला पंचा बांधून गुडघे टेकत टेकत त्याच्यापर्यंत आले, आणि संध्याकाळभरात पहिल्यांदाच खाली ठेवलेल्या घंगाळात गढूळ पाणी पडलं. त्यांनी नीट, वेळ घेऊन तो पाय धुतला. पास्कूने तो मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. कडक उपास, घरात चूल नाही. संध्याकाळी देवळातून आल्यावर पास्कू पुन्हा समोरच्या खोलीत गेला. काशीबाई तांदूळ निवडत होती. तिने सरकून जागा केली. लवू पेपर वाचत होता, तोंडापुढे धरलेला पेपर त्याने खाली घेतला नाही. पास्कू जमिनीवर बसला आणि बाटलीचं बूच उघडलं.

लवूने पेपराआडूनच पाय पुढे केला.