कंदांचा प्लॉट

आमच्या विभागात किस्से सुक्या पाल्यासारखे साठतात. आज झाडून काढा, उद्या परत तेवढेच! मी विद्यापीठाच्या वनस्पती विभागात मदतनीस आहे. शिक्षण दहावी. माती चाळणं, कंद लावणं, लेबल लिहिणं हे सगळं मॅडमनी शिकवलं. मॅडम म्हणजे आमच्या प्राध्यापिका. पनवेलजवळ करंजाड्याच्या पुढे एक टेकडी घरांसाठी कापली जात होती. तिच्यावरचे रानकंद वाचवायला विद्यापीठाने इमारतीमागे दोन गुंठे जागा दिली. टेकडी आता नाही. म्हणजे हा प्लॉट गेला, तर त्या कंदांना दुसरं घरच नाही. एवढं लक्षात ठेवायचं आणि मग हसायचं, हसू आलं तर.

* * *

कंद आणायला गेलो तेव्हा जेसीबी चालूच होता. आम्ही दोघी त्याच्यापुढे उकिडव्या बसून माती उकरतोय! ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, काय हरवलंय काय?"

मॅडम म्हणाल्या, "अजून नाही. थोड्या वेळाने हरवेल."

तो डबा घेऊन सावलीत जाऊन बसला. "माझं जेवण होईपर्यंत काढा. मी सावकाश जेवतो!"

आमच्या संशोधनाला मिळालेली ती सगळ्यात मोठी मदत, असं मॅडम अजून म्हणतात.

* * *

नव्या लावणीला पाणी घालायला पाइप हवा म्हणून अर्ज केला. तीन सह्या झाल्या आणि पाइपऐवजी बोर्ड आला. 'दुर्मीळ वनस्पती संवर्धन प्रकल्प', खाली पदाधिकाऱ्यांची नावं. चांगला दरवाजाएवढा!

मी ऑफिसात जाऊन विचारलं, "साहेब, पाइप?"

"अहो ताई, पाइप फोटोत दिसतो का?"

मी बादल्यांनी पाणी घातलं.

* * *

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणारी रानभाजी. पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात. दुसऱ्या वर्षी आमच्या प्लॉटमध्ये शेवळाचे अकरा कोंब आले. मॅडमनी एकेकाची उंची मोजून वहीत लिहिली.

दोन दिवसांनी आमचे शिपाई म्हात्रेकाका यांनी जेवताना डबा पुढे केला. खाज मारायला काकडाची आंबट फळं घालून केलेली शेवळाची भाजी! मॅडमनी दोनदा घेतली.

"काका, किती वर्षांनी खाल्ली! कुठे मिळाली?"

"आपलेच प्लॉटमदली हाय! तुमी मोजून ठेवलेली, म्हनून मना वाटला तयार झाली."

मॅडमचा घास हातातच राहिला. कंद जमिनीत होते म्हणून वाचले. जेवण झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि अकरा वेळा लिहिलं, 'उंची शून्य'.

* * *

मग पार्किंगचा विषय निघाला. जागा बघायला कमिटी आली, ती नेमकी मे महिन्यात. हे कंद पावसाळ्यात चार महिने वर असतात. बाकीचं वर्ष जमिनीत झोपलेले. मे महिन्यात प्लॉट म्हणजे नुसती तापलेली माती आणि तो बोर्ड.

"मॅडम, इथे तर काहीच नाही!"

"आहे सर. खाली आहे."

"मग उत्तम! खाली तुमचं राहू द्या, वर आमच्या गाड्या राहतील."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं, विनोद आहे.

पंधरा दिवसांत पेव्हर ब्लॉक येऊन पडले. आम्ही दोघींनी कुदळीने काढता येतील तेवढे कंद काढले. माती दगड झालेली. अर्धे तुटले, उरलेले कुंड्यांत कुजले. बाकीच्यांवर ब्लॉक बसले.

* * *

जुलैत ब्लॉकच्या फटींतून हिरवी टोकं वर आली. मोजली तर साठ! मॅडम भर पावसात छत्री मिटून उभ्या होत्या आणि वर्गात हजेरी घेतात तशी एकेकाचं नाव घेत होत्या. मी इतक्या वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात विभागाला पत्र आलं. पार्किंगमध्ये तण माजलं आहे, तरी तज्ज्ञ विभाग या नात्याने जालीम औषध सुचवावं!

मॅडमनी उत्तर दिलं नाही. मग दुसरं पत्र आलं, विभागाने सहकार्य न केल्याबद्दल खेद व्यक्त करणारं. शनिवारी बाहेरची माणसं येऊन फवारणी करून गेली.

* * *

सोमवारी आम्ही दोघी बघायला गेलो. समोरच्या सगळ्या फटी पिवळ्या पडल्या होत्या. मॅडम टोकापर्यंत चालत गेल्या.

भिंतीलगतच्या शेवटच्या जागेला चारी बाजूंनी दोरी बांधलेली होती. दोरीला पुठ्ठा लटकत होता, 'व्हीआयपी राखीव. गाडी लावू नये. आत पाय ठेवू नये.' शेजारी खुर्ची टाकून पार्किंगचे वॉचमन गायकवाड बसले होते. दिघ्याहून येतात, गरीब माणूस, कधी कुणाशी जास्त बोलत नाहीत.

मॅडमचा इतक्या दिवसांचा राग त्यांच्यावर निघाला. "गायकवाड, आता ही जागा आणखी कोणासाठी अडवलीत? कोण येणार आहे?"

गायकवाड खुर्चीवरून उठले. टोपी काढली, आणि दोरी जरा वर उचलून आतल्या फटीकडे बोट केलं.

"आलेत, मॅडम. चौघं हायेत."