हओ म्हणजे नाव नव्हे

टेंभेकर बाई मला रोज माझं नाव विचारत. मी त्यांच्याच सरकारी रुग्णालयात औषध भांडारात नोकरीला होतो, नेपियर टाउनमध्ये त्यांच्या मागच्याच गल्लीत राहत होतो आणि माझ्या मुलीच्या बारशाला त्या घुगऱ्या खाऊन गेल्या होत्या. तरी सकाळी खिडकीशी आल्या की पहिला प्रश्न, "नाव?" मी "मॅडम, मी गोरे" म्हटलं की भुवया चढत. "गोरे पुष्कळ आहेत जबलपुरात. पूर्ण सांगा." मग मी शाळेतल्यासारखा "मुकुंद काशिनाथ गोरे" म्हणायचो, आणि त्यानंतरच कामाचं बोलणं सुरू व्हायचं. नव्या लोकांना वाटे, बाईंना विसरभोळेपणा जडलाय. तसलं काही नव्हतं. हे खूळ त्यांनी समजून उमजून लावून घेतलं होतं.

डॉ. सिंधू टेंभेकर आमच्या अधीक्षक. ठेंगण्या, तापट आणि कौतुकाच्या बाबतीत भलत्याच चिक्कू. स्कूटर अशी चालवत की सदरच्या छावणीतले फौजीसुद्धा बाजूला होत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय; पण औषधाची नावं सुटी, ठळक लिहावीत असा सरकारी हुकूम आला, त्या दिवसापासून पहिलीतल्या मुलीसारखं एकेक अक्षर गिरवू लागल्या. "हुकूम खुळा असला तर भांडायचं, शहाणा असला तर पाळायचं," त्या म्हणत. "आपले लोक नेमकं उलटं करतात."

असाच एक शहाणा हुकूम भोपाळहून आला. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमा, झालेली चूक लपवू नका, लगेच कळवा. बाईंनी वॉर्डाच्या भिंतीवर सूचना लावली. शेवटची ओळ होती, 'त्रुटि होने पर संबंधित कर्मचारी को आवश्यक शिक्षा दी जाएगी.' आम्हा कोणालाच तिच्यात काही खटकलं नाही. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेली माणसं आम्ही, कुठली शिक्षा कुठल्या भाषेतली हे आम्हाला न सांगता कळायचं.

एके दिवशी दुपारी बायकांच्या वॉर्डात तापानं आलेली एक म्हातारी अचानक घामानं भिजली, थरथरायला लागली आणि भलतंच बोलायला लागली. मी औषधं पोचवायला तिथं गेलो होतो. तरुण डॉक्टर हृदयाचं काही असेल म्हणून धावपळ करत होते. बाई आल्या, म्हातारीचा हात हातात घेतला आणि साऱ्या नर्सेसना म्हणाल्या, "हिला आत्ता कोणी काय दिलं? मला माणूस नको, औषध सांगा." सगळ्यांच्या माना खाली. एकटी वनिता, यवतमाळकडून नुकतीच आलेली पोर, भिंतीवरच्या सूचनेकडे बघत उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"वनिता, काहून घाबरून राहिली तू?" बाईंनी तिच्याच बोलीत विचारलं.

"मॅडम, थे तिथं लिवलं आहे ना. शिक्षा होईल म्हणून."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, ती हिंदीतली शिक्षा आहे, मराठीतली नाही. शिकवतील तुला, मारणार नाहीत. बोल लवकर."

मग वनिता घडाघडा बोलली. शेजारच्या खाटेवरच्या कमलाबाईची इन्सुलिनची सुई तिनं या म्हातारीला टोचली होती. नाव विचारूनच टोचली होती. "कमलाबाई?" म्हटल्यावर म्हातारी "हओ" म्हणाली होती. आता हओ म्हणजे इकडचं हो; पण म्हातारी माणसं कशालाही हओ म्हणतात. ऐकू आलं तरी हओ, न आलं तरी हओ. ही तर कानानं अधू होती. रोग कळल्यावर उपाय सोपा होता. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि म्हातारी शुद्धीवर येऊन चहा मागू लागली. वनिता आणखी थोडा वेळ गप्प राहिली असती तर काय झालं असतं, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हातारीच्या मुलाचं कमानिया गेटपाशी दुकान होतं. त्याला काही सांगू नये असं बाकीच्या डॉक्टरांचं मत पडलं. या गावात हायकोर्ट. दगड मारला तर वकिलाला लागायचा. "मैडम, केस हो जाएगा," एकजण म्हणाले. बाई म्हणाल्या, "केस सच पर भी होता है, झूठ पर भी. सच वाला जल्दी निपटता है." आणि मुलाला समोर बसवून सांगितलं, "आपकी माताजी को गलत सुई लगी. गलती हमारी है."

त्यानं तक्रार केलीच. चौकशीला साहेब आले. चुकांतून शिका असं सांगणारं सरकार फाईल उघडली की आधी नाव मागतं. बाईंनी स्वतःचं नाव दिलं. वनिताला आठवडाभर पुन्हा सुई द्यायचं शिकवलं आणि बाईंच्या वाट्याला लेखी ताकीद आली. ती वाचून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "गोरे, ही मात्र मराठीतली." मला रडू आलं होतं. त्या हसत होत्या.

तेव्हापासून नियम झाला. रुग्णाचं नाव आपण घ्यायचं नाही. त्यानं स्वतः, पूर्ण सांगायचं. "हओ म्हणजे नाव नव्हे," त्या म्हणत. दुसऱ्यांना सवय लावायची तर आधी आपल्याला लागली पाहिजे, म्हणून त्या दिसेल त्याला नाव विचारत सुटल्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. खासगी दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. आमच्याच वॉर्डात आणलं. वनिता आता तिथली मुख्य सिस्टर. पहिल्या दिवशी ती सुई घेऊन आली, तेव्हा बाईंनी चांगला हात चादरीखाली ओढून घेतला आणि डोळे वटारले. वनिता क्षणभर गोंधळली, मग उमगून म्हणाली, "मॅडम, नाव सांगा."

"सिं...धू... वा...मन..." आडनावापर्यंत पोचायला फार वेळ लागला. वनिता थांबली. पूर्ण नाव झालं तेव्हाच हात बाहेर आला.

मग रोज तसंच चाललं. एका सकाळी मी शेजारी बसलो होतो. बाईंचा डोळा लागला असावा असं मला वाटत होतं. वनितानं वाकून नेहमीसारखं विचारलं, "मॅडम, नाव?"

ती थांबली, बराच वेळ थांबली. मग बाईंची नाडी पाहिली आणि सुई तशीच ट्रेमध्ये परत ठेवली.