फडक्यातली चिनी रोटी

काल वहिनीने खिमा भरलेली चिनी रोटी केली. मैद्याची लांब पट्टी ताणून, तिच्यात खिमा आणि कांद्याची पात भरून, गुंडाळी करून चपटी केली आणि तव्यावर भरपूर तेलात खरपूस भाजली. सुरी लावताच पापुद्रे ओट्यावर उडाले.

"गरम, कुरकुरीत आहेत तोवर या," तिने हाक मारली. टीव्हीवरच्या बातम्या सोडून आमच्या घरात कोण उठतंय? रोट्या उतरत राहिल्या आणि आमच्या आत्याने त्या, कुणी न सांगता, फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घातल्या. वर घट्ट झाकण.

अर्ध्या तासाने झाकण उघडलं, तर आत नुसती वाफ आणि घाम. दादाने घास घेतला. "मस्त मऊ झालीय. उगाच कुरकुरीत कुरकुरीत करत होतीस."

आत्या धन्य झाली. मऊपणाचं काय ते कौतुक आमच्याकडे! पोळी मऊ, भात मऊ, सुना मऊ. जरा काही कुरकुरीत दिसलं की आमचे हात फडकं शोधायला लागतात, आणि वर आम्ही त्याला माया म्हणतो. वहिनीचं मोठ्यांदा हसणंसुद्धा आम्ही असंच झाकण लावून मऊ केलं.

एक रोटी वहिनीने न भाजता मागे ठेवली होती. ती तव्यावर टाकली, भाजली आणि ओट्यापाशी उभ्यानेच, आमच्याकडे पाठ करून खाल्ली.

तो कर्रकन आवाज बातम्यांच्या वर ऐकू आला.