सारसोळ्याच्या जेट्टीवरचा हिरवा दिवा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. आता गप्प बसवत नाही, एवढंच समजा.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी मापनयंत्रांचं काम बघतो, राहतो सीवूड्सला. रविवारी रिकामा वेळ आणि डोक्यात समाजसेवेचा किडा, म्हणून सारसोळ्याच्या जेट्टीवर मी एक डबा बसवला. खाडीत सोडलेली दांडी पाणी तपासणार. कुठून रसायन मिसळलं तर वर लाल दिवा, नाहीतर हिरवा. विज्ञान लोकांच्या दारात न्यायला हवं वगैरे — माझी ही भाषणं सोसायटीत सगळ्यांना पाठ होती.

तिथे द्वारकामावशी होती. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची. उतरण्याआधी मूठभर चिखल नाकाशी धरायची. वास बरा नसेल तर टोपली घेऊन परत. आयुष्यभर हीच तिची रीत. माझ्या डब्याला ती आधी हसली. मग दोनदा असं झालं — तिला वास आला नाही, दिवा मात्र लाल. आणि दुसऱ्या दिवशी मासे मरून वर आले. तेव्हापासून ती चिखल हुंगण्याआधी डब्याकडे बघू लागली. मला काय वाटलं म्हणता? छाती फुगली हो!

आता मुद्द्यावर येतो. येतोय — जरा थांबा.

दांडीवर चिखल साचला, कालवं चिकटली. आकडे येईनासे झाले, दिवा विझला. आणि दुसऱ्याच दिवशी डबा बघायला पाहुणे यायचे होते, माझं शाल-श्रीफळ ठरलेलं. दांडी साफ करायला मोठी ओहोटी हवी, ती चार दिवसांवर. मी काय केलं? प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली — आकडा आला नाही तर शेवटचा चांगला आकडा दाखव. म्हणजे हिरवा. एका दिवसापुरतं, असं स्वतःला बजावलं. सत्कार झाला, फोटो निघाले. मोठी ओहोटी आली आणि गेली. ओळ तशीच राहिली. विसरलो का? नाही. रोज आठवायची. आणि दिवा विझलेला दिसला तर लोक काय म्हणतील, हेही रोज आठवायचं.

पुढच्या आठवड्यात मावशीने शिवल्या काढल्या आणि आमच्याच सोसायटीत विकल्या. तीन घरांत उलट्या-जुलाब, एका आजींना सलाईन लावावी लागली. ग्रुपवर मेसेज आला — 'त्या बाईकडून कोणी काही घेऊ नका, घाणेरडं विकते.' खाली भराभर अंगठे. त्यात एक माझा. कुणी मागितला होता तो? कुणीच नाही. दिला.

मग सारसोळ्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो — निदान घरून निघताना तरी. मावशी ओट्यावर बसली होती. पाय गुडघ्यांपर्यंत लाल, त्यावर फोड. तरी मला बघून उठायला लागली.

"मना वास आल्ता, दादा," ती म्हणाली. "पन तुजा दिवा हिरवा व्हता. मशीन कशाला खोटा बोलंल? माजाच नाक गेला."

बोलायला इतकी मोकळी वाट कुणाला मिळते? एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं — आणि मी म्हणालो, "होतं मावशी, वय झालं की."

तिने मान डोलावली. माझं म्हणणं तिला पटलं. हे मला सगळ्यात जास्त खातं.

पुढच्या मोठ्या ओहोटीला मी दांडी घासून काढली, ती ओळ पुसली. कुणाला काही कळलं नाही. डबा आता नीट चालतो, बाकीच्या बायका त्याच्याकडे बघून चिखलात उतरतात. मावशी उतरत नाही. फोड कधीच बरे झाले, पण आता आपल्याला कळत नाही म्हणते.

परवा दुपारी तिच्याकडे गेलो. माझ्यासाठी चहा ठेवायला तिने दुधाचं पातेलं उघडलं, आणि थांबली. पातेलं सुनेपुढे धरलं. "बग गो, नासलाय का? मना नाय समजत."

सुनेने हुंगलं. "नाय, चांगला हाय."

मावशीने चहा केला. मी तो प्यायलो आणि घरी आलो.