बर्गनच्या मापाची नाली

जे छापून येत नाही ते बातमीदाराच्या डोक्यात साठत जातं आणि रिटायर झाल्यावर मित्रांना ऐकावं लागतं. नॉर्वेचे हे किस्से त्यातलेच. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, साहेब लोकांना जग पाहायची घाई होती. एका खात्याचं पथक पावसाच्या पाण्याचा निचरा शिकायला बर्गनला निघालं. समुद्रकाठचं गाव, वर्षभर पाऊस. माझं तिकीट पेपरनं काढलं होतं. हे आधीच सांगतो, कारण विचारणारे विचारतातच.

पथकात पाच साहेब आणि एक सब-इंजिनिअर, खेरडे. त्याला नेलं होतं फायली सांभाळायला. नालीचं काम कळणारा मात्र तो एकटाच. रायपूरच्या तात्यापारा भागातल्या त्याच्या गल्लीत दर पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं. आदल्या वर्षी त्याची आई त्याच पाण्यात घसरून पडली. खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवर होती.

*

विमानात मोठ्या साहेबांनी खेरडेला एक फाइल दिली. "स्पेलिंग देख लो।"

तो दौऱ्याचा अहवाल होता. निष्कर्ष, शिफारशी, आभार, सगळं टाइप केलेलं. मुख्य शिफारस: नव्या राजधानीच्या तलावात क्रूझ बोट.

खेरडे हळूच म्हणाला, "सर, अभी तो हम उतरे भी नहीं।"

"इसीलिए तो टाइम मिला," साहेब म्हणाले.

*

दोन दिवस फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, बोटीवर गेले. खोटं कशाला बोलू, तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही. दोन्हीकडचे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. मधलं पाणी काळं, स्थिर. धबधबे इतक्या उंचावरून पडत होते की अर्ध्या वाटेतच त्यांचा धूर व्हायचा.

एका साहेबांनी गाईडबाईंना विचारलं, "हे धबधबे कोणत्या खात्याकडे आहेत?"

"कोणाकडेच नाहीत," बाई म्हणाल्या.

मी वहीत लिहून घेतलं: म्हणूनच चालू आहेत.

*

शेवटचा दिवस बर्गनचा. सकाळपासून पाऊस. तिथला एक इंजिनिअर नाल्या दाखवायला हॉटेलवर आला. साहेब म्हणाले, "बारिश रुकने दो।" तो दुपारपर्यंत बसून राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "पण तुम्ही पाऊसच पाहायला आलात ना?"

खेरडे उठला, फायली माझ्या मांडीवर ठेवल्या. "भाऊ, जरा पाहजा. मी याच्यासंगं जाऊन येतो."

संध्याकाळी तो चिंब भिजून आला. उताराच्या गल्ल्यांमधल्या नाल्यांची रुंदी, खोली, ढाळ, सगळं त्यानं छत्रीच्या दांडीनं मोजलं होतं.

"जादू काही नाही भाऊ. नाली रस्त्याच्या खाली आहे, घर वर आहे. आपण डांबरावर डांबर टाकून राहिलो, घरं खड्ड्यात चालली."

*

रायपूरला आल्यावर त्यानं अकरा पानं लिहून, सोबत फोटो लावून अहवालाला जोडली. साहेबांनी ती काढली. "फोटो अच्छे हैं, वो रहने दो।"

मी सगळी बातमी लिहून दिली. संपादकांनी ती बाजूला ठेवून फियॉर्डचे रंगीत फोटो पानभर छापले. वर माझं नाव मोठ्या टाइपात. त्या नावाची लाज मला अजून वाटते.

*

उन्हाळ्यात खेरडेनं रविवारी गल्लीतली माणसं जमवली. जुनी नाली फोडली, खोल केली, बर्गनच्या मापानं ढाळ दिला. जुलैत कोणीतरी तक्रार केली: विनापरवाना खोदकाम, त्यामुळे गल्लीत पाणी तुंबतं. खात्यानं चौकशी लावली. त्या वॉर्डाचा सब-इंजिनिअर खेरडेच, त्यामुळे नियमानं चौकशीची फाइल त्याच्याच टेबलावर आली.

मी म्हटलं, "अरे, नोकरी जाईल. दुसऱ्याकडे दे न फाइल."

"काहून? मलेच जाऊ द्या."

तीन दिवस पावसाची झड लागली होती. तिसऱ्या दिवशी तो टेप घेऊन पाहणीला गेला. पूर्ण गल्ली चालला. शेवटी स्वतःच्या घरात शिरला, आईच्या खाटेपाशी उकिडवा बसला आणि कोरड्या फरशीवरून हात फिरवला.

"काय पाहून राहिला रे?" आईनं विचारलं.

"सरकारी काम आहे, आई."

तिथेच बसून त्यानं अहवाल लिहिला, खाली सही केली: "स्थल निरीक्षण किया। पानी कहीं नहीं मिला।"