कासारणीनं ठेवलेलं नाव

गुणाबाई कासारीण आरमोरीहून पाटी घेऊन निघाली की वैनगंगेच्या काठच्या खेड्यांत बायका दोन गोष्टींसाठी तिची वाट पाहायच्या. एक बांगड्या, दुसरी नवीन नावं. बांगड्यांना पायलीभर धान मोजावं लागे. नावं मात्र ती फुकट वाटायची, आणि तेही मागितल्याशिवाय.

तिचा धंदाच असा होता की जिथं पाळणा तिथं ती. पोरीची ओटी भरायची असली की हिरवा चुडा भरायला गुणाबाई, बारसं असलं की आयाबायांचे हात भरायला आणि बाळाच्या मनगट्या घेऊन गुणाबाई. त्यामुळे कुठल्या घरी काय नाव ठेवलं हे तिला आधी कळायचं. तिच्या तरुणपणी या मुलखातली नावं म्हणजे वार पाहून ठेवलेली. रविवारी झाला तो इतवारी, शुक्रवारी झाली ती सुकरी, नाहीतर मेलेल्या आजोबाचं नाव नातवाला. एका आळीत इतवारी म्हणून हाक मारली की तिघं ओ देत. तिच्या स्वतःच्या दोन्ही पोरांची नावंसुद्धा सासऱ्यानं वारावरूनच ठेवली होती, आणि ते आठवलं की ती कपाळावर हात मारून हसायची.

मग स्वराज्य आलं. गडचिरोलीला कारकुनांच्या बायका आल्या, खेड्यांत मास्तर आले, आलापल्लीला नागपूरकडच्या रेंजरांची बिऱ्हाडं आली. त्यांच्या पाळण्यांतून कुसुम, शालिनी, विमल अशी नावं निघायला लागली आणि गुणाबाईच्या पाटीसोबत गावोगाव फिरायला लागली. तिला अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं नाव ती विसरत नसे. बाजारात धानाचा भाव सांगावा तसं ती सांगायची, "ह्या साली 'कर'वाल्या नावाची हवा हाय बरं का. दिनकर, प्रभाकर, सुधाकर. पोरीमधी शालू आता जुनी झाली."

नाव पारखायची तिची एक रीत होती. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून ते नाव मोठ्यानं हाकारायचं. पार तिकडच्या धानाच्या बांधीपर्यंत ऐकू गेलं तर चांगलं; अर्ध्यावर पडलं तर ते नाव कारकुनांसाठी, शेतकऱ्याच्या लेकराला कामाचं नाही. रस्त्यानं एकटी चालताना ती अशा हाका मारायची आणि गुराखी हसायचे. घरी तिचा नवरा नथ्थू बसून बांगड्यांच्या माळा ओवत असे. जंगलात लाकडं ओढताना त्याचा पाय सागाच्या ओंडक्याखाली सापडला होता, तेव्हापासून त्याचं फिरणं बंद झालं होतं. संध्याकाळी गुणाबाई परत आली की तो आधी विचारायचा, "आज काय नवीन सापडलं?" आणि तिनं सांगितलेलं नाव जिभेवर घोळवून बघायचा.

खैरीटोल्याच्या नीलाबाईवर गुणाबाईचा जीव होता. वारलू नावाच्या धानकऱ्याची ती बायको. तिच्या लग्नाचा चुडा गुणाबाईनंच भरलेला. नीलालाही नावांचं तितकंच वेड. गुणाबाई आली की दोघी छपरीत बसायच्या, एक बांगड्या चढवायची, दुसरी हात पुढे करून नावं ऐकायची. "हे नोको, हे तोंडात चिकटते," असं म्हणून नीला हसायची. सासू रुखमाबाई आतून ओरडायची, "लेकरू नाई पोटात, अन् ह्याह्यचं बारसं चालू हाय!"

पुढं लेकरू पोटात आलं, पण हाताला लागलं नाही. पहिलं झालं आणि चौथ्या दिवशी गेलं. दुसरंही बारशापर्यंत पोचलं नाही. बारशाआधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. तसंच फडक्यात गुंडाळून नेतात. दुसऱ्या वेळी गुणाबाई भेटायला गेली तेव्हा नीला भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे होते.

"बाई," ती म्हणाली, "गावातल्या बायका आपल्या लेकराचं नाव घेऊन घेऊन रडतेत. मी काय म्हणून रडू? मले त हाक माराले बी काई नाई."

गुणाबाईकडे इतकी नावं होती. ती जाऊन नीलाशेजारी भिंतीला टेकून बसली.

तिसरा मुलगा झाला. सावळा, ठणठणीत, रडला की शेजारच्या घरी ऐकू जाई. रुखमाबाईनं ठरवून टाकलं होतं. लेकराला उकंड्यावर, कचऱ्याच्या ढिगात लोळवायचं, शेजारणीनं उचलून आणायचं, आणि नाव ठेवायचं उकंड्या. कचऱ्यातलं लेकरू म्हटल्यावर मरण त्याच्याकडे बघत नाही, असं तिचं म्हणणं. तिनं दोन नातवंडं मातीत घातली होती. ती काही दुष्टपणानं बोलत नव्हती.

नीलानं गुणाबाईला निरोप धाडला. गुणाबाई आली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून नीला हलक्या आवाजात एवढंच म्हणाली, "माह्या लेकराले कचरा म्हणू नोका देऊ बाई."

गुणाबाई अंगणात रुखमाबाईसमोर जाऊन बसली. "मामीजी, तिचं मन राखा. एवढ्या वर्षानं पोरगा झाला. त्याले चांगलं नाव द्या."

"नावाले काय चाटू? मले लेकरू जगाले पाहिजे."

"जगंन. नावानं कोनी मरत नाई."

"तुले काय मालूम? तुहे दोनी जगले."

वारलू तोवर बैलाची दोरी वळत बसला होता. तो बायकोच्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाला, "कोनतं नाव म्हंता बाई तुमी?"

"मधुकर."

वारलूनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ठेवा बा मधुकर," तो म्हणाला. रुखमाबाई उठली आणि आत निघून गेली.

बारशाला अडचण आली. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि वारलूला बहीण नव्हती. रुखमाबाईनं ते नाव कानात सांगायला साफ नकार दिला. तेव्हा नीलानं सगळ्या बायकांसमोर गुणाबाईचा हात धरला. "तुमीच आत्या." जात वेगळी, गाव वेगळं, पण गुणाबाईनं त्या इवल्या कानाशी तोंड नेलं आणि तिनंच आणलेलं नाव तिनंच सांगितलं. आजवर तिनं किती लेकरांना नावं सुचवली असतील, पण कानात सांगायची वेळ पहिलीच. घरी येताना तिनं रस्त्यानं एकही हाक मारली नाही. नथ्थूनं विचारलं तर म्हणाली, "आज नवीन काई नाई. आज मी आत्या झाली."

मधुकर वाढला. गावानं त्याचा 'मदुकर' केला. रुखमाबाईला तेही जमेना, ती 'मंदू' म्हणायची, आणि तिच्याच कडेवर तो दिवसभर असायचा. गुणाबाईची पाटी वेशीवर दिसली की तो धावत यायचा आणि फुटक्या बांगड्यांच्या काचांकडे हात न्यायचा. ती त्याला उचलून घ्यायची. "आत्ता, आत्ता," 'आत्या'चं एवढंच त्याला म्हणता यायचं. खैरीटोला आडवाटेला होता, तरी त्या दोन वर्षांत ती महिन्याला एक फेरी मारायचीच, धंदा होवो न होवो.

एका कार्तिकात धान कापणी चालू असताना पोराला ताप भरला. हिवताप त्या भागात घरोघरी असायचा, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. गावच्या वैदूनं काढा दिला. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे फिरले. वारलूनं दवाखान्यात न्यायला बैलबंडी जुंपली.

गुणाबाई त्याच सकाळी गावात शिरत होती. तिला वेशीवरच नीलाचा आवाज ऐकू आला. नीला लेकराला हाका मारत होती. "मधुकर! मधुकर!" एकामागून एक, जसा काही तो शेतात दूर गेला आहे आणि ती त्याला जेवायला बोलावते आहे. आवाज पार बांध्यांपलीकडे जात होता. गुणाबाई पाटी तिथंच टाकून धावत सुटली. ती अंगणात पोचली तेव्हा बंडी तशीच उभी होती आणि वारलू बैल सोडत होता.

रुखमाबाईनं तिला पाहिलं. ती नातवाचं अंगडं छातीशी धरून बसली होती. "आली?" ती म्हणाली. "पाह्य आता. तुह्या जिभीनं खाल्लं माह्या मंदूले. कचरा राह्यला असता त जगला असता. तुले नटवाचं होतं त्याले. तुह्या हौसेपायी गेलं माह्यं लेकरू!"

अंगणभर बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. गुणाबाईनं नीलाकडे पाहिलं. नीलानं मान वर केली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

गुणाबाईला रडताही येईना. त्या घरात रडायचा आपला हक्क आता उरलेला नाही, असं तिला वाटलं. वेशीवर टाकलेली पाटी तिनं उचलली. निम्म्या बांगड्या फुटल्या होत्या. ती चालू लागली आणि पुन्हा खैरीटोल्याच्या वाटेला गेली नाही.

गोष्ट गावोगाव पोचली. बायका बांगड्या भरून घ्यायच्या, चांगलं बोलायच्या, पण नाव कुणी विचारत नसे. एखादी नवखी पोर विचारायची तेव्हा गुणाबाईच म्हणायची, "सासूले विचार बाई, मले नाई समजत त्यातलं." घरी नथ्थू तिला बोलतं करायला बघायचा. एकदा बाजाराच्या दिवशी काठी टेकत तो पार चौकापर्यंत गेला आणि आल्यावर म्हणाला, "गुणा, आज एक मस्त नाव ऐकलं. मास्तराच्या पोराचं. अरविंद! कसं वाटते?"

"मले नोको सांगू."

"ऐक तरी—"

"नोको म्हटलं ना!" ती ओरडली. मग तिला वाईट वाटलं. पाय दुखत असताना हा माणूस एका नावासाठी तेवढं चालून आला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याचा पाय चेपू लागली.

दीड-दोन वर्षांनी कळलं, नीलाला पुन्हा मुलगा झाला. त्याला उकंड्यावर लोळवलं आणि उकंड्याच नाव ठेवलं. बारशाला वडशाची कासारीण गेली होती. पोरगा जगला. पावसाळे गेले, हिवाळे गेले, पोरगा जगतच राहिला. ऐकून गुणाबाईनं देवापुढं साखर ठेवली, आणि तिथंच तिला हुंदका फुटला. पोराच्या जगण्याचा आनंद खरा होता. पण तो एकेक दिवस जगत होता तसतशी रुखमाबाई खरी ठरत होती, आणि हे तिला सोसत नव्हतं. आपण एवढ्याशा लेकराच्या जगण्यानं दुखावतो, याचीही तिला लाज वाटायची.

सत्तावन्न साली मार्कंड्याच्या जत्रेत तिनं दुकान मांडलं होतं. नथ्थू बंडीतून आला होता, तो मागं माळा सोडवत होता. गर्दीतून एक बाई येऊन समोर बसली आणि हात पुढे केला. मनगटावरचा तीळ बघून गुणाबाईनं ओळखलं. वर बघायच्या आत तिनं शेजारी बघितलं. काळ्या करगोट्याचं, नागडं, गुटगुटीत पोरगं आईचा पदर धरून उभं होतं.

"हिरव्या भरा," नीला म्हणाली.

गुणाबाईनं तिचा हात घेतला. हात खरबडीत झाला होता. पहिली बांगडी चढली, दुसरी चढली.

"बाई, मी तुमाले कधी दोष नाई देल्ला," नीला खाली बघत म्हणाली. "माह्या मनात कधी आलं बी नाई."

"मंग तवा काऊन नाई बोलली?"

नीलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमच्यावर नसतं गेलं त माह्यावर आलं असतं. नाव तुमी आणलं, पन मागितलं मीनं होतं. तुमी त घरी निघून जाल. मले त्याच घरात राह्याचं होतं."

गुणाबाई तिचा हात धरून तशीच बसली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की नीलानं तोंड फिरवलं ते रागानं. ते भीतीनं होतं, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"मामीजी बऱ्या हाएत?" शेवटी तिनं विचारलं.

"डोयानं दिसत नाई आता. मंदूचं नाव घेते रोज." नीलानं पदर पोटावर ओढला. "बाई, दिवस हाएत मले. ह्या वेळी पोरगी झाली त सासू काई बोलनार नाई. पोरीचं नाव मलेच ठेवू देईन. सांगा ना एखादं."

मागं माळ सोडवणाऱ्या नथ्थूचा हात थांबला. गुणाबाईच्या तोंडात नावं आली. आली नाहीत असं नव्हतं. कुणाकुणाची ऐकलेली, वर्षानुवर्षं जिभेखाली दाबून ठेवलेली. पोरगं तिच्याकडे टकमक बघत होतं.

"माह्यापाशी नाई ओ माय," ती म्हणाली. "तूच ठेव. तुले आवडंन ते."

नीलानं पोराला कडेवर घेतलं, वाकून गुणाबाईच्या पायाला हात लावला आणि गर्दीत गेली. हिरव्या बांगड्यांचा हात लेकराच्या पाठीवर काही वेळ दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला.

"सांगाचं होतं वं एखादं," नथ्थू मागून हळूच म्हणाला. "किती आशेनं आली होती ते."

"भेव वाटलं," गुणाबाई म्हणाली.

नीलाला मुलगी झाली, हे तिला पुढच्या चैतात एका गिऱ्हाईक बाईकडून कळलं. ती बाई नावही सांगणार होती. पण गुणाबाईनं विषय बदलला, तिचा हात घट्ट धरला आणि बांगडी चढवायला सुरुवात केली.